साठ की आठ?

मागणी साठ गोणींची होती. पाठवल्या गेल्या आठ. जिते येथील त्या भातगिरणीच्या गादीवर बसून शेठजींनी फोन स्वतः घेतला होता, वहीत आकडा स्वतःच्या हाताने लिहिला होता, आणि दुसऱ्या दिवशी पनवेलच्या व्यापाऱ्याचा संतापलेला फोन आला तेव्हा तीच वही मुलापुढे करून ते म्हणाले, "बघ, आठच लिहिले आहे." वहीत खरोखरच आठ लिहिले होते. उरलेल्या बावन्न गोणी त्याच दुपारी टेम्पोने रवाना झाल्या आणि व्यवहार निभावला. पण चाळीस वर्षे ज्यांचा आकडा कधी हलला नाही त्यांचा आकडा हलला, हे घरातल्या प्रत्येकाच्या मनात राहिले आणि कोणीच ते बोलून दाखवले नाही.

पनवेल–रोहा लोहमार्गावर आपटा आणि हमरापूर या दोन स्थानकांच्या मध्ये जिते लागते. पलीकडे हमरापूर, जोहे ही गणेशमूर्तींची गावे. इकडे भाताची खाचरे. या कुटुंबाचे किराणा दुकान रस्त्याच्या बाजूला आणि गिरणी त्याच्या पाठीला लागून. गिरणी सुरू झाली की हलरचा खडखडाट, पट्ट्याची फडफड आणि चाळणीचा थरकाप यांत माणसाचे बोलणे बुडून जाते. हमालसुद्धा खुणांनीच बोलतात. शेठजींनी उमेदीची सारी वर्षे त्या आवाजाच्या शेजारी काढली. अशा आवाजाने कान एकदम जात नाही. आतल्या कानातील सूक्ष्म केसांसारख्या पेशी थोड्या थोड्या निकामी होत जातात, आणि पहिला घाव बहुधा सेकंदाला चार हजार कंपनांच्या आसपासच्या उंच स्वरांवर पडतो. खालचे स्वर शाबूत राहतात. त्यामुळे माणसाला वाटते की आपल्याला ऐकू तर सगळे येते, लोकच हल्ली पुटपुटतात. 'स'चा सीत्कार त्याच उंच पट्टीतला. 'आ' मात्र खालच्या पट्टीतला. 'साठ'मधला 'स' गळाला की कानात उरते ते 'आठ'.

पेणच्या कानाच्या डॉक्टरांनी श्रवणालेख काढून यंत्र सुचवले होते. तो कागद शेठजींनी घडी करून तिजोरीच्या खणात ठेवला. "गादीवरच्या माणसाच्या कानात यंत्र दिसले, की गिऱ्हाईक भाव हळू आवाजात सांगायला लागते," एवढे बोलून त्यांनी विषय मिटवला. बोलणे विनोदाचे होते, पण त्यामागचे भय खरे होते. गादी ही आधी पतीवर चालते, मग भांडवलावर.

धाकट्या मुलाने इलेक्ट्रॉनिक्सची पदविका घेतलेली होती. नोकरी न करता तो गिरणीतच राहिला होता. त्याने तो कागद खणातून काढून पाहिला आणि परत ठेवला. मग त्याने जे केले ते वरवर पाहता या दुखण्याशी अगदीच असंबद्ध वाटावे असे होते. त्याने माळ्यावरून वडिलांची गिटार खाली काढली.

ती हवाईयन गिटार होती. मांडीवर आडवी ठेवायची, डाव्या हातात पोलादी दांडी धरून ती तारांवरून सरकवायची आणि उजव्या हाताच्या बोटांत नख्या चढवून तारा छेडायच्या. पडद्यांवर बोट दाबायचे नसल्यामुळे एका सुरातून दुसऱ्या सुरात मींड घेत जाता येते. म्हणून आपल्याकडे हे वाद्य चटकन रुजले. व्हॅन शिप्ले आणि हजारा सिंग यांनी चित्रपटगीतांच्या धुना तिच्यावर घरोघरी पोहोचवल्या. ब्रिजभूषण काब्रा यांनी तिच्यावर रागसंगीत मांडले आणि १९६७ साली शिवकुमार शर्मा व हरिप्रसाद चौरसिया यांच्यासह निघालेल्या त्यांच्या 'कॉल ऑफ द व्हॅली' या ध्वनिमुद्रिकेने तिला बैठकीत मान मिळवून दिला. शेठजी मुंबईत कॉलेजात असताना गिरगावात एका गोव्याच्या मास्तरांकडे ती शिकले होते. सुट्टीत घरी आले की आजोबांच्या वॉल्व्हच्या रेडिओमागे ग्रामोफोनसाठी जी जागा असे, तिथे गिटारची वायर जोडून वाजवीत बसत. पुढे आजोबा गेले, गादी आली, रेडिओ भंगारात गेला आणि गिटार माळ्यावर चढली. त्या रेडिओच्या आवाजाची आठवण मात्र वर्षातून एकदा तरी निघे.

मुलाच्या मनात आले ते एवढेच, की तो आवाज पुन्हा घरात यावा.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. केवळ स्वच्छ, बिनखोट आवाजच हवा असेल तर आजचे ट्रान्झिस्टरचे अॅम्प्लिफायर स्वस्तही पडतात आणि मोजमापात वॉल्व्हच्या पुढेही जातात. वॉल्व्ह म्हणजे काचेच्या निर्वात नळीत तापलेली तार, तिच्यातून सुटणारे इलेक्ट्रॉन, त्यांना ओढून घेणारी पट्टी आणि या दोहोंमध्ये एक बारीक जाळी. जाळीवर दिलेल्या इवल्याशा विद्युतसंकेताने पलीकडचा मोठा प्रवाह कमीजास्त होतो. ली डी फॉरेस्ट यांनी १९०६ साली ही जाळी घातली आणि त्यातून रेडिओचे युग उभे राहिले. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सनेही एके काळी वॉल्व्ह बनवले. आता जगात मोजक्या ठिकाणीच ते तयार होतात, आणि त्यांचे गिऱ्हाईक प्रामुख्याने गिटार वाजवणारे. त्यांतही बहुतेकांना वॉल्व्ह हवा असतो तो आवाज फाटण्यासाठी. अॅम्प्लिफायरला झेपेल त्याहून अधिक संकेत दिला की त्याचा माथा कापला जातो, मूळ स्वरात नसलेले उपस्वर मिसळतात आणि आवाजाला एक करकरीत धार येते. रॉक संगीताची ओळखच ती धार आहे. या मुलाला नेमके तिच्या उलट हवे होते.

त्याचा शोध मग त्याला अशा माणसापाशी घेऊन गेला, ज्याची हकिगत व्यापारी घरांत आवडीने ऐकली जावी. अमेरिकेतील लिओ फेंडर हे मूळचे हिशेबनीस. नोकरी गेल्यावर त्यांनी १९३८ साली कॅलिफोर्नियातील फुलर्टन गावी रेडिओ दुरुस्तीचे दुकान काढले. दुरुस्तीला येणारी वाद्ये आणि अॅम्प्लिफायर पाहता पाहता ते स्वतः बनवू लागले, आणि १९४६ साली त्यांची कंपनी उभी राहिली. त्यांना स्वतःला गिटार वाजवता येत नसे. वाजवणाऱ्यांच्या तक्रारी ते ऐकून घेत आणि त्याबरहुकूम यंत्र सुधारत. गिऱ्हाइकाचे ऐकणे हेच त्यांचे भांडवल. त्यांची सुरुवातीची उत्पादने म्हणजे मांडीवरच्या पोलादी दांडीच्या गिटारी आणि त्यांच्या जोडीचे अॅम्प्लिफायर. धंद्यात टिकलेली जगातली पहिली विद्युत गिटारही हवाईयन घाटाचीच होती. रिकनबॅकर कंपनीची ती गोल, ओतीव अॅल्युमिनियमची गिटार १९३२ साली बाजारात आली आणि तिच्या आकारावरून तिला 'तळणीचा तवा' म्हणत. म्हणजे गिरगावात शिकलेले ते वाद्य या साऱ्या विद्येच्या मुळाशीच होते.

पहिला प्रयोग फेंडरच्या 'चॅम्प' या लहान अॅम्प्लिफायरच्या आराखड्यावर झाला. एक १२एएक्स७, एक ६व्ही६, एक रेक्टिफायर वॉल्व्ह. शक्ती सुमारे पाच वॉट. ग्रँट रोडजवळचा लॅमिंग्टन रोड, म्हणजे आजचा डॉ. भडकमकर मार्ग, दोनदा पालथा घालून सामान जमले, आणि दिवाळीनंतर गोदामाच्या कोपऱ्यात तो बोलू लागला. शेठजींनी आढेवेढे घेत गिटार मांडीवर घेतली, नख्या चढवल्या, एक तार छेडली आणि तोंड वाकडे केले. "फाटतो रे."

मुलाला ते खरे वाटेना, कारण आवाज काही मोठा नव्हता. पण तार छेडली जाते त्या पहिल्या क्षणी तिचा संकेत नंतर घुमणाऱ्या स्वराच्या कितीतरी पट उसळतो. पाच वॉटच्या यंत्राला तो एक क्षण झेपत नाही. उरलेला स्वर स्वच्छ आणि सुरुवात तेवढी चिरडलेली, असे होते. त्यातून दोन तारा एकदम वाजल्या तर त्यांच्या बेरजेचे आणि वजाबाकीचे नवेच स्वर त्या फाटण्यातून जन्मतात. धडधाकट कान हा कचरा बाजूला सारून मूळ सूर वेचून घेतो. गिरणीने झिजवलेला कान ते करू शकत नाही. ऐकू कमी येणाऱ्यापुढे आवाज वाढवला की झाले, असा जो समज असतो तो येथे कोलमडतो: अशा कानाला हळू बोललेले ऐकू येत नाही आणि जरा मोठे झाले की ते लगेच टोचू लागते. मधली जागा अरुंद. त्या अरुंद जागेत जे पोहोचवायचे ते निर्भेळच असावे लागते.

तेव्हा दुसरा अॅम्प्लिफायर ठरला तो दोन ६एल६ वॉल्व्हांचा, चाळीस वॉटच्या आसपासचा. आठपट शक्ती म्हणजे आठपट आवाज नव्हे. कानाच्या हिशेबाने ती जेमतेम नऊ डेसिबलची वाढ. ती वाजवून दाखवण्यासाठी नव्हती. दहा गोणी वाहणाऱ्या टेम्पोला एकच गोणी दिली की तो चढावर कुरकुरत नाही, तेवढ्यासाठीच ती होती. आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाड गाभ्याचा हवा, वीज साठवणारे कपॅसिटर मोठे हवेत, स्पीकर बारा इंची आणि थोड्या शक्तीत पुरेसा बोलणारा हवा. ट्रान्सफॉर्मर मुंबईत एका कारागिराकडून मुद्दाम गुंडाळून घेतले. मुलाने तेथे आग्रह धरला तो एका गोष्टीचा: मेन्सच्या बाजूला २२०, २३० आणि २५० अशा तीन वायरी काढून द्याव्यात. परदेशी आराखड्यात हे लिहिलेले नसते. जित्याला दिवसा गिरण्या आणि पंप चालू असताना दाब खाली बसतो आणि रात्री तो अडीचशेवर चढतो. २३० वर ६.३ व्होल्ट मिळणाऱ्या वॉल्व्हच्या तारेला २५० वर पावणेसातच्या वर मिळतात, आणि वॉल्व्हचे आयुष्य तिथेच सरू लागते.

या कामातले भय वेगळेच. गिरणीची मोटर ४१५ व्होल्टांवर चालते आणि शेठजी विजेला चांगले ओळखून होते. पण खटका बंद केला की मोटर मेलेली असते. येथे खटका बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये चारशेहून अधिक व्होल्ट दबा धरून बसतात. हे ऐकल्यावर शेठजी क्षणभर थांबले. "म्हणजे दुकान बंद केले तरी उधारी उभीच." तेव्हापासून त्यांनी अट घातली, की आपण समोर असल्याशिवाय हे यंत्र चालू करायचे नाही. मुलाने कपॅसिटरवर कायमचा एक रोधक जोडला, की दोन मिनिटांत ती उधारी आपोआप फिटावी. तरीही प्रत्येक वेळी मीटर लावून शून्य पाहिल्याखेरीज आत हात घालायचा नाही, आणि चालू यंत्राशी काम पडले तर डावा हात पाठीमागे, हे नियम भिंतीवर खडूने लिहिले. पहिल्यांदा वीज द्यायची ती थेट नव्हे, शंभर वॉटचा जुना पिवळा दिवा मालिकेत जोडून. आत कुठे शॉर्ट असेल तर दिवा भगभगून पेटतो आणि सामान वाचते. हा सिरीजचा बोर्ड गावातल्या प्रत्येक वायरमनकडे असतो. पुस्तके वाचून हे काम करू जाणाऱ्यांना मात्र तो सुचत नाही.

पेटीची कथा निराळी. गिरणीतल्या मोडीत निघालेल्या सागवानी चाळणीच्या फळ्या चांगल्या होत्या. सुताराने सांधे जोडायला सरस काढला तेव्हा दादीजींनी विचारले, हा कशाचा? सरस जनावरांच्या कातड्याहाडांचा. तो परत गेला आणि कृत्रिम डिंक आला. वरून चपड्याचे पॉलिश? चपडा म्हणजे लाख, लाख म्हणजे किडे, तेही नको. मेणही मधमाश्यांचे. शेवटी जवसाचे तेल तीनदा चोळले आणि लाकडाला जो रंग चढला तो सगळ्यांत देखणा निघाला. कातडी आवरणाचा तर प्रश्नच नव्हता.

खरी अडचण आईने दाखवली. या अॅम्प्लिफायरची पाठ उघडी असते, कारण वॉल्व्ह तापतात. ६एल६च्या काचेला बोट लागले तर फोड येईल. पावसाळ्यात संध्याकाळी दिवा लागला की खाचरांवरून पाकोळ्या आणि चिलटे घरात येतात. तो लालसर उजेड पाहून ती आत शिरणार आणि काचेवर जळणार. "सुरासाठी एवढी हिंसा कशाला?" त्या म्हणाल्या. मुलाने बारीक पितळी जाळी आणून पाठीवर बसवली. भोके एवढी बारीक की चिलटही जाऊ नये, आणि जाळी वॉल्व्हपासून एवढी दूर की तीच तापू नये व उष्णता बाहेर पडावी. ती जाळी त्याने चासीसला, म्हणजे अर्थिंगला जोडली. बाहेरून येणारी बारीकशी घरघर तिने कमी झाली. असा आराखडा त्याला कुठल्याही पुस्तकात आढळला नव्हता.

माघात एका संध्याकाळी, सूर्यास्तापूर्वीचे जेवण आटोपल्यावर, यंत्राला प्रथम वीज दिली. मालिकेतला दिवा क्षणभर उजळला आणि मंदावला. म्हणजे आत सारे ठीक. मग दिवा काढून थेट वीज दिली. वॉल्व्ह तापायला लागणारी वीस-पंचवीस सेकंदे गेली आणि एकाएकी असा कर्कश आक्रोश उठला, की दादीजी माळ टाकून उठल्या. शेठजींनी भिंतीवरचा खटका पाडला.

मुलाचा चेहरा उतरला, पण चूक समजायला त्याला फार वेळ लागला नाही. स्वच्छ आवाजासाठी अशा यंत्रात एक युक्ती असते: बाहेर पडणाऱ्या आवाजाचा थोडा अंश उलटा करून पुन्हा आत पाठवायचा. आत गेलेले आणि बाहेर आलेले यांत फरक पडला असेल तर तो त्यातून कापला जातो. रोजमेळ लिहिणाऱ्या मुनिमाने संध्याकाळी गल्ला मोजून वहीशी ताडून पाहावा तसे. पण आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या दोन वायरी अदलाबदल झाल्या तर परतणारा अंश उलटा न होता सुलटाच जातो, चूक कापली जाण्याऐवजी दुप्पट होत जाते आणि यंत्र किंचाळू लागते. दोन मिनिटे थांबून, मीटरवर शून्य पाहून, त्याने दोन्ही प्लेटच्या वायरी परस्परांच्या जागी लावल्या. पुन्हा खटका. या वेळी फक्त एक मंद घुमारा.

त्या घुमाऱ्यानेही तीन आठवडे खाल्ले. शंभर कंपनांचा असेल तर दोष वीज गाळणाऱ्या कपॅसिटरांत, पन्नासचा असेल तर वॉल्व्ह तापवणाऱ्या वायरींत. एवढे निदान कानाने करता येते. हा पन्नासचा निघाला. त्या वायरींना पीळ घालून कोपऱ्यातून नेले, शंभर ओहमचे दोन रोधक लावून त्यांचा मध्य जमिनीला बांधला आणि अर्थिंगच्या साऱ्या वायरी एकाच खिळ्याशी आणल्या. तेव्हा कुठे शांतता झाली. या कामात शांतता सगळ्यांत महाग पडते.

चैत्रात एका रविवारी गिरणी बंद होती. शेठजींनी गिटार मांडीवर घेतली. बोटे अडखळत होती. तरी दहाएक मिनिटांनी लग्नाआधीच्या काळातली एक धून तुकड्यातुकड्यांनी का होईना, उभी राहिली. तार छेडली जाण्याचा तो पहिला क्षण आता चिरडत नव्हता. मुलाने आवाज वाढवायला हात पुढे केला तेव्हा त्यांनी मान हलवली. "वाढवू नकोस. एवढ्यातच नीट कळते आहे."

आई दारात उभ्या होत्या. धून संपल्यावर त्या म्हणाल्या, "सुरेख झाले. फक्त मधे मधे तो सर्र आवाज येतो, तो कसला?"

शेठजींनी वर पाहिले. "कसला आवाज?"

मुलाला तो पहिल्या तारेपासून ऐकू येत होता. जाड तारांवर वळसे असतात. पोलादी दांडी त्यांवरून घासत गेली की बारीक, उंच सीत्कार उमटतो, 'स'सारखाच. गिरगावच्या मास्तरांनी पहिले वर्षभर शेठजींना दुसरे काही शिकवलेच नव्हते. दांडी उचल, घासू नकोस, एवढेच ते बजावत. फाटक्या यंत्रात तो सीत्कार कचऱ्यात दडून गेला असता. या यंत्राने तो जसाच्या तसा खोलीत आणून ठेवला होता आणि तो सर्वांना ऐकू येत होता.

"बाबूजी, दांडी घासते आहे," मुलगा हळू म्हणाला. मग तेच पुन्हा, जरा मोठ्याने.

शेठजींनी दांडी चौथ्या तारेवरून मुद्दाम घासत नेली आणि कान यंत्राकडे केला. पुन्हा नेली. मग दादीजींकडे पाहिले. नव्वदीला टेकलेल्या दादीजींनी कधी गिरणीत पाऊल ठेवले नव्हते. त्यांनीही मान डोलावली. त्यांना येत होता.

गिटार त्यांनी सावकाश बाजूला ठेवली. नख्या एकेक करून काढल्या आणि डबीत मोजून भरल्या. मुलाने खटका पाडला. वॉल्व्हांचा लालसर उजेड जाळीआड विझत गेला.

"ते पेणचे डॉक्टर," शेठजी म्हणाले, "कुठल्या वारी बसतात?"